आधी सगळे उतरा

धावत्या गाडीत गोष्टी घडत नाहीत. माणसं बसतात, डुलक्या घेतात, गाव आलं की उतरून जातात. गोष्ट घडते ती गाडी थांबल्यावर. त्यातून पंक्चर होऊन चाक बसलं असेल तर विचारूच नका! कधी न भेटलेली माणसं रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभी राहतात, एकमेकांचं गाव विचारतात, सोयरीक काढतात. आम्ही पेण-रोहा लायनीवरचे ड्रायव्हर. आमच्याकडे अशा गोष्टी इतक्या साठल्या आहेत, की पाहुणा जेवून हात धुवेपर्यंत एक संपते आणि तो हात पुसेपर्यंत दुसरी सुरू होते.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बोलतोही सावकाश. नातवंडं म्हणतात, आजोबांची गोष्ट पहिल्या गिअरमध्येच चालते. चालू दे. आता कुठे पोचायचं आहे?

पेणच्या आमच्या स्टँडवर सगळ्यांत जुना हिराजीदादा. माझी जीप होती, त्याची टॅक्सी. माणूस अबोल, पण मायाळू. म्हातारं माणूस दिसलं की खिडकीची जागा देणार, पोराला मळमळलं की गाडी थांबवणार. फक्त एका बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही. चाक बदलायची वेळ आली की तो हँडब्रेक ओढायचा, खाली उतरायचा आणि म्हणायचा, “आधी सगळे उतरा.”

सगळे म्हणजे सगळे! गाडीत एक जीव असेतो दादा जॅकला हात लावायचा नाही.

* * *

हे कशावरून सुरू झालं ते आधी सांगतो. ही गोष्ट स्टँडवर कुणी हसत सांगत नसे.

बाळाराम हा दादाचा धाकटा भाऊ. दोघे मिळून गाडी चालवायचे. एकदा रोह्याकडून येताना गडब गावाजवळ मागचं चाक बसलं. दिवस उन्हाळ्याचे. मागच्या सीटवर निडी गावचे एक आजोबा गाढ झोपले होते. बाकीची माणसं उतरली. बाळाराम म्हणाला, “दादा, आजोबांना उठवू का?”

दादा म्हणाला, “राहू दे रे. म्हातारं माणूस हाय. झोपू दे.”

चाक निघालं. एक नट घरंगळत गाडीखाली गेला. बाळारामाने तो काढायला हात आत घातला. तेवढ्यात आजोबांना जाग आली. तोंडात तंबाखू. थुंकायला म्हणून ते सरकत पलीकडच्या दाराशी गेले. बस, इतकंच! गाडी हलली, जॅक कलंडला आणि गाडी खाली बसली.

बाळारामाचा उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्यातून आल्यावर तो स्टँडवर माणसं गोळा करायला उभा राहू लागला. डावा हात वर करून हाळी द्यायचा, “नागोठणा, रोहा! नागोठणा, रोहा!” आवाज असा खणखणीत, की एस.टी.ची माणसं आमच्याकडे यायची. दादा मात्र त्या दिवसापासून जास्तच मुका झाला. एकदाच मला म्हणाला, “नामा, या स्टँडवरचा दुसरा हात मी जाऊ देणार नाय.”

त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, दादा काय राखत बसलाय.

* * *

रोह्याच्या एका कंपनीत नवे साहेब आले होते. दादाची टॅक्सी ठरवून पेणहून निघाले. वडखळच्या पुढे चाक बसलं. दादा म्हणाला, “साहेब, उतरा.”

साहेबांच्या मांडीवर कागद पसरलेले. ते मान वर न करता म्हणाले, “मी बसतो. तुम्ही तुमचं काम करा.”

दादाने हुज्जत घातली नाही. चाकाला दगड लावले, नट थोडे ढिले करून ठेवले. कारण नट आधी ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. वर उचलल्यावर पान्याला झटके दिले तर गाडी डुलते. एवढं झाल्यावर तो मैलाच्या दगडावर जाऊन बसला आणि विडी पेटवली.

ऊन चढलं. गाडीचं टप तापलं. साहेबांनी टाय सैल केला, मग बूट काढले, मग कागदांनी वारा घेऊ लागले. शेवटी घामाघूम होऊन उतरले आणि म्हणाले, “अहो, किती वेळ बसणार होता?”

“तुमी उतरेपर्यंत.”

साहेब भले माणूस. रागावले नाहीत. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी बाळारामाला स्टँडवर पाहिलं. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं. त्यानंतर ते कायम दादाचीच गाडी ठरवायचे. पण त्यांच्या अंगात ती उतरण्याची सवय अशी भिनली, की गाडी कुठेही थांबली तरी ते दार उघडून खाली! एकदा रेल्वेचं फाटक पडलं तर हे उतरून लांब झाडाखाली जाऊन उभे. फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

दादा खिडकीतून ओरडला, “साहेब, या! फाटक हाय, पंक्चर नाय!”

* * *

स्टँडवर विलास नावाचा नवा ड्रायव्हर आला. पोरगा हुशार, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. दादाची एक पद्धत होती. गाडी वर घेतली की स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची. जुनं चाक निघालं की ते खाली सरकवायचं आणि मगच स्टेपनी बाहेर घ्यायची. म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही.

विलास हसला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, “दादा, एवढा नवा जॅक घेतलाय. त्याच्यावर तुमचा विश्वास नाय का?”

दादा वाकून स्टेपनी सरकवत होता. वर न बघता म्हणाला, “विश्वास देवावर ठेव. गाडीखाली स्टेपनी ठेव.”

* * *

भाद्रपद लागण्याआधी आमच्या लायनीवर गणपतीची गडबड. मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावाहून गणपती घेऊन माणसं निघतात, मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधलेला असतो. तो घरी जाऊनच सोडायचा. आणि वाटेत मूर्ती भुईवर टेकवायची नाही.

एक गुरुजी मूर्ती मांडीवर घेऊन दादाच्या शेजारी बसले होते. मागे त्यांच्या घरची माणसं आणि सोबतीला बाळाराम. नागोठण्याच्या अलीकडे चाक बसलं. पावसाची भुरभुर चालू.

“गुरुजी, उतरा.”

गुरुजी म्हणाले, “हिराजी, मी उतरतो. गणपती सीटवर राहू दे. शाडूची एवढीशी मूर्ती, तिचं वजन ते काय?”

“मूर्तीपण उतरवा.”

“अरे, देव आहे तो!”

दादा म्हणाला, “म्हणून तर. देवाला सूट दिली तर माणसं माझं ऐकणार कशी?”

गुरुजी मूर्ती छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बाळारामाने डाव्या हातात छत्री धरली, तीसुद्धा अशी, की गणपती पूर्ण छत्रीखाली, गुरुजी अर्धे आणि बाळाराम सबंध पावसात. तेवढ्यात रोह्याची एस.टी. आली. ड्रायव्हरने वेग कमी केला. खिडक्यांतून माणसं हात जोडू लागली. एक बाई ओरडली, “अवो, रुमाल जरा वर करा ना! तोंड तरी बघू द्या!”

गुरुजींचे दोन्ही हात गुंतलेले, त्यात भिजलेले. वैतागून म्हणाले, “घरी या बाई! आधी आम्हाला तर घरी पोचू द्या!”

त्या वर्षी ती बाई खरोखर त्यांच्या घरी आली. पत्ता विचारत विचारत. येताना खोबऱ्याचे मोदक घेऊन आली.

* * *

एकदा दादाच्या गाडीत वरात होती. नवरा-नवरी, नवऱ्याची आत्या आणि एक करवली. रोह्याच्या अलीकडे चाक बसलं. दादाने आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं.

आत्याबाईंनी आभाळ डोक्यावर घेतलं. “माप ओलांडायच्या आधी नवरीचा पाय रस्त्यावर? आमच्याकडं नाय असलं चालत! नवरी उतरायची नाय!”

नवरा गप्प. लग्नाच्या दिवशी नवरा कुणाच्या बाजूने बोलणार? पण नवरीच बोलली. “आत्याबाई, त्यांच्या हातावर गाडी पडली तर तो पाय काय शुभ व्हणार हाय?” असं म्हणून शालू सावरत ती उतरलीसुद्धा!

तिथे रस्त्याच्या कडेला गवत माजलेलं. नट खाली ठेवला तर सापडायचा नाही. दादा इकडेतिकडे बघतोय तर नवरीने पदर पुढे केला. त्यात माहेरच्यांनी भरलेली ओटी, तांदूळ आणि नारळ. दादा लाजला, नको म्हणाला. ती म्हणाली, “टाका वो.” मग दादाने एकेक नट तांदळात ठेवला आणि चाक चढवताना एकेक मागून घेतला.

घरी गेल्यावर सासूने ओटीत पाहिलं तर तांदूळ काळे! ती कपाळाला हात लावणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, “अगो, पाच नटांनी ओटी भरली सुनेची. पाच नातवंडं येतील बघ!”

चार झाली. पुढे कधीही तो विषय निघाला की बाळाराम दादाला म्हणायचा, “एक नट तू ढिला ठेवलास!”

* * *

खाडीकडच्या बाजूला जीप घेऊन जायचं म्हणजे वेगळीच काळजी. मिठागरांच्या बाजूचा रस्ता, खाली सगळी खाजणाची मऊ, दलदलीची माती. तिथे माझं चाक बसलं. माणसं उतरली, चाकाला दगड लावले, जॅक लावला. मी दांडा फिरवतोय, फिरवतोय, पण गाडी काही वर येईना. बघतो तर गाडी आहे तिथेच आणि जॅक खाली चाललाय!

जॅकखाली फळी हवी होती. फळी कुठली आणायची? समोर मिठागरावर काम करणाऱ्यांची घरं होती. एका घरातून म्हातारी बाहेर आली, तिला मी अडचण सांगितली. ती आत गेली आणि चांगला जाड, पितळी फुल्या ठोकलेला पाट घेऊन आली.

मी म्हटलं, “आई, हा नको. हा बसायचा पाट हाय. चिखलात जाईल.”

“जावयाचा हाय,” म्हातारी म्हणाली. “जावई येतो दिवाळीला, नुसता रुसून बसतो त्याच्यावर. तुझी गाडी निदान वर तरी उठंल!”

पाटावर जॅक ठेवला. गाडी उठली. मी पाट धुऊन परत दिला, पण जॅकचा गोल ठसा मधोमध राहिलाच. पुढच्या वर्षी त्या बाजूला गेलो तेव्हा म्हातारीला विचारलं, जावई काही बोलला का. ती म्हणाली, “इचारलंन, ह्यो कसला डाग? मी सांगितलं, तुझ्या आधी एक पावना बसला व्हता. तुझ्यापेक्षा जड व्हता, पन रुसला नाय!”

* * *

निडीच्या त्या आजोबांचं पुढे काय झालं, असं मला पुष्कळजण विचारतात.

ते दर वर्षी यायचे. वाल निघाले की धोतराच्या फडक्यात कडवे वाल बांधून रेल्वेने यायचे, स्टँडवर बाळारामासमोर गाठोडं ठेवायचे आणि काही न बोलता उभे राहायचे. बाळाराम ते डाव्या हाताने उचलून घ्यायचा. दादा तर आजोबा दिसले की गाडीचं बॉनेट उघडून आत तोंड घालायचा. गाडीला काही झालेलं नसायचं.

एका वर्षी आजोबांच्या तोंडातून निघालंच. “बाळाराम, माज्यामुळं तुजा हात...”

बाळारामाने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. म्हणाला, “आजोबा, तुमी नुसतेच वाल आणता. बिरडं करायचं तर ते भिजवा, मोड काढा, एकेक सोला. सोलायला दोन हात लागतात. पुढच्या वेळेला सोलून आणा!”

सगळे चरकले. वाटलं, म्हाताऱ्याला लागेल. पण आजोबा पहिल्यांदा हसले.

पुढच्या वर्षी डबा घेऊन आले. सगळे वाल सोललेले, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. म्हणाले, “घरात कुनाला हात लावू दिला नाय. मीच सोलले.”

बाळारामाने डबा घेतला आणि दादाला हाक मारली, “दादा, बॉनेट लाव आता. जेवायला चल.”

* * *

आता शेवटचं सांगतो.

दादाची बायको यमुनावहिनी. दादा जितका अबोल तितकी ती बोलकी. दुपारी डबा घेऊन स्टँडवर यायची आणि दादाच्या वाटणीचं सगळं बोलून जायची. कुणाची पोर बाळंत झाली, कुणाच्या घरात भांडण झालं, विलासचं लग्न कुठे जमवायचं, सगळं तिच्याकडे. दादा जेवता जेवता फक्त “व्हय गो” म्हणायचा. भाजी कशी झाली विचारलं तरी “व्हय गो.” त्यावरून ती त्याला सगळ्यांसमोर झापायची आणि तो हसत जेवायचा.

ती आजारी पडली. पनवेलच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस होती. तिथेच गेली.

गाव त्यांचं निडीच्या बाजूला. तिला तिथे न्यायचं होतं. दादाच्या टॅक्सीत निजवता आलं नसतं, म्हणून माझी जीप घेतली. मागे लांब बाकावर वहिनी, पांढऱ्या चादरीत. समोरच्या बाकावर तिची मुलगी, बाळाराम आणि वहिनीचे थोरले भाऊ, धायामामा. दादा माझ्या शेजारी. पनवेलपासून पेण आलं, वडखळ गेलं, गडब गेलं.  गावात माणसं जमून वाट बघत होती. लाकडं रचून झाली असतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नागोठणं मागे पडलं आणि चाक बसलं.

मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. दुपार टळटळीत होती. कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. आम्ही उतरलो. मुलगी उतरली, मामा उतरले, बाळाराम उतरला. मी चाकाला दगड लावले, नट ढिले केले, स्टेपनी काढली. मग जॅक हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

दादा माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, “दादा, वहिनीला राहू दे. तिला नको त्रास.”

मामा पुढे आले. “व्हय. एकदा निघालेलं माणूस मधेच भुईवर ठेवत नायत. आनि हिराजी, ती आता हलनार हाय का? तुज्या नियमाचा आता काय उपेग? लवकर चला, माणसं खोळंबली हायत.”

मुलगी रडू लागली. “बाबा, नको ना. आयेला रस्त्यावर नको.”

  बाळारामाने जीपमधली सतरंजी ओढून काढली आणि कडेच्या करंजाच्या सावलीत एका हाताने पसरायला लागला. वाऱ्याने कोपरा उलटत होता. तो पायाने दाबून परत सरळ करत होता.

मामा म्हणाले, “हिराजी, अरे काय करतोस?”

दादाने माझ्या हातातल्या जॅककडे पाहिलं. मग जीपच्या मागे गेला. मागच्या दाराचा फळका खाली पाडला, आत चढला, वहिनीच्या उशाशी बसला. तिच्या कपाळावरची चादर सारखी केली. आणि रोज जेवताना बोलायचा त्याच आवाजात म्हणाला,

“उतर गो. गाडी वर घ्यायची हाय.”